द्वीपविश्रांतिमीमांसा: शेगावकर जोडप्याच्या किनारी पडून राहण्याविषयी

क्षुल्लक विषयावर गंभीर चेहऱ्याने लिहिण्याची परंपरा वऱ्हाडाला नवी नाही. मराठी विनोदाचे आद्य आचार्य श्रीपाद कृष्ण कोल्हटकर पोटासाठी वकिली करत ती याच मुलखात. त्यांची वकिलीची गावे खामगाव आणि जळगाव जामोद; पहिले शेगावच्या शेजारी, दुसरे पूर्णा नदीच्या पलीकडे. असे असूनही शेगावच्या नवरा-बायकोने एखाद्या बेटावर जाऊन वाळूत चार दिवस काहीही न करता पडून राहणे, या विषयाला आजवर कोणी हात घातलेला नाही. कारण उघड आहे. ज्यांना तसे पडता आले ते लिहायला उठले नाहीत, आणि ज्यांना पडता आले नाही त्यांचा अधिकार कोणी मानला नाही. प्रस्तुत लेखक दुसऱ्या वर्गात मोडतो. मात्र पदार्थविज्ञान लिहायला पदार्थ व्हावे लागत नाही, एवढे म्हणून पुढे जाऊ.

प्रथम पूर्वपक्ष. सहल कंपन्यांच्या रंगीत पत्रकांचे मत असे, की विश्रांती समुद्रातून निघते. खारे पाणी, मऊ वाळू, कोवळे ऊन, नारळाची झाडे आणि चहूकडून पाणी ही सामग्री जमली की जोडप्याच्या डोक्यातला ताण आपोआप ओसरतो. या मताचे मूळ शोधू गेल्यास ते सुट्टीत सापडत नाही, दवाखान्यात सापडते. रिचर्ड रसेल नावाच्या इंग्रज वैद्याने १७५० साली गाठींच्या दुखण्यावर समुद्राचे पाणी हा उपाय सांगणारा लॅटिन प्रबंध लिहिला. ब्रायटनच्या किनाऱ्यावर त्याचे रोगी त्या पाण्यात बुडत आणि वर ते पीतही. आज ज्याला मौज म्हणून पैसे मोजतात ती गोष्ट तेव्हा नाक दाबून घ्यायची मात्रा होती.

रसेलसाहेब शेगावला आले असते तर त्यांचा प्रबंध पहिल्याच विहिरीवर संपला असता. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे आणि शेगाव तालुक्यातली कितीतरी गावे त्यात येतात. जमिनीखालचे पाणी खारे, पिढ्यान्‌पिढ्या खारे. खाऱ्या पाण्यात विश्रांतीचा गुण असता तर या पट्ट्यातला शेतकरी पृथ्वीवरचा सर्वांत ताजातवाना मनुष्य ठरला असता. त्याच्या वाट्याला मूत्रपिंडाची दुखणी आली, पांढरी पडत जाणारी जमीन आली आणि निवडणुकीच्या वर्षी गोड्या पाण्याचे आश्वासन आले. एवढ्यानेही कोणाचे समाधान होत नसेल तर याच जिल्ह्यात लोणार आहे. उल्का आदळून बेसॉल्टमध्ये पडलेले हे विवर पावणेदोन किलोमीटरहून अधिक रुंद, आणि त्यातले पाणी खारे तर आहेच, शिवाय इतके अल्कधर्मी की त्यात मासा तग धरत नाही. जून २०२० मध्ये ते सगळे गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने मिठात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांकडे बोट दाखवले. त्याच वर्षी सरोवराचा रामसर यादीत समावेश झाला. निळ्या पाण्यासाठी विमानाचे तिकीट काढणाऱ्यांना गुलाबी पाणी एसटीच्या अंतरावर होते. पण लोणारला जाऊन आलो, फार हलके वाटले, असे म्हणणारे जोडपे या अभ्यासात आढळले नाही. गुडघे दुखतात, एवढे मात्र सगळे म्हणतात.

आता ऊन आणि अक्षांश. शेगाव सुमारे २०.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. पत्रकांतली बेटे उपोष्ण म्हणवली जातात, आणि भूगोलवाले उपोष्ण पट्टा कर्कवृत्ताच्या वर धरतात, म्हणजे शेगाव त्याच्या अडीच-पावणेतीन अंश खाली राहिले. पण पत्रकवाले एवढे काटेकोर नसतात, त्यामुळे आपणही नको. शेगावातून ही रेघ धरून पश्चिमेला निघाले की खंबातचे आखात ओलांडून दीव बेटाच्या डोक्यावरून जाता येते. पूर्वेला निघाले तर चीनचा किनारा ओलांडल्यावर प्रशांत महासागरात बराच वेळ फारसे काही लागत नाही, आणि मग हवाई बेटे लागतात, त्यांत माउई. अमेरिकेतली नवविवाहित जोडपी ज्या बेटावर जाण्यासाठी पैसे साठवतात ते बेट आणि शेगावचे बसस्थानक एकाच ओळीत बसलेले आहेत. मेच्या चौथ्या आठवड्यात आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य या ओळीवर बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. आपली वर्तमानपत्रे याला शून्य सावली दिवस म्हणतात. हवाईत याला लहायना नून असे खास नाव आहे आणि लोक मोकळ्या जागी येऊन फोटो काढतात. शेगावात मे महिन्यात त्या वेळी फोटो काढायला बाहेर येणाऱ्यास घरचे लोक कांदा हुंगवतात. जुलैत ढग असतात.

वाळू म्हणाल तर पूर्णेच्या पात्रात आहे, आणि तिचा बराच भाग रात्रीच्या वेळी ट्रकमध्ये बसून शहरे बघायला जातो. नारळाची झाडे फारशी नसली तरी मंदिराच्या वाटेवर शेंडीसह सोललेला नारळ हवा तितका. आणि बेट? तेही आहे. गजानन महाराज संस्थानने चालू शतकाच्या आरंभी उभारलेल्या आनंद सागरात एक तलाव खोदला आणि तलावाच्या मध्यभागी बेट राखले. त्यावरचे ध्यानमंदिर कन्याकुमारीच्या विवेकानंद शिलास्मारकाची आठवण देते. हे उद्यान मध्ये बरीच वर्षे बंद होते, अलीकडे त्याचा काही भाग पुन्हा उघडला. परंतु आपला प्रश्न तात्त्विक असल्याने कुलपाचा विचार येथे करत नाही. चहूकडून पाणी असलेला भूभाग म्हणजे बेट, ही चौथीच्या भूगोलातली व्याख्या शेगावच्या हद्दीत पूर्ण होते.

तेव्हा खारे पाणी आहे, ऊन माउईचे आहे, वाळू आहे, नारळ आहे, बेट आहे. तरीही शेगावातल्या शेगावात कोणा जोडप्याला विश्रांती लाभली असे ऐकिवात नाही. न्यायशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर सर्व कारणे हजर असून कार्य होत नाही. म्हणजे ज्यांना कारणे म्हणत होतो ती कारणे नव्हेतच. घडा करताना माती वाहून आणणारे कुंभाराचे गाढव जवळपास असते, म्हणून गाढव हे घड्याचे कारण ठरत नाही. नैयायिक त्याला अन्यथासिद्ध म्हणतात. जोडप्याच्या विश्रांतीत समुद्राचे स्थान तेच आहे. मग खरे कारण कोणते?

ते कळायला शेगावात घर असणे म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज या गावात प्रकट झाले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीला, त्यांनी समाधी घेतली. तेव्हापासून या गावाला पाहुणा कमी पडलेला नाही. संस्थानची भक्तनिवासे आहेत, महाप्रसाद आहे, स्वच्छता अशी की मोठ्या शहरांच्या महापालिकांनी येऊन नुसते बघत बसावे. येणाऱ्या अनोळखी भाविकाची सोय उत्तम होते. प्रश्न ओळखीच्या भाविकाचा आहे. मुंबई-हावडा मार्गावर स्टेशन असलेल्या तीर्थक्षेत्री ज्याचे स्वतःचे घर आहे, त्याचे नातेवाईक मुंबईपासून हावड्यापर्यंत कुठेही राहत असले तरी ते वाटेवरच राहतात. प्रकटदिन, रामनवमी, ऋषिपंचमी आणि कोणताही गुरुवार. शिवाय नवी गाडी घेतली म्हणून, मुलाला नोकरी लागली म्हणून, लागली नाही म्हणून. फोन येतो तो असा:

“भाऊजी, आम्ही शेगावले येऊन राहिलो. घरी काही येत नाही बरं, तुम्हाले तरास नको. दर्शन करतो अन् पाच मिन्टं टेकून जातो.”

टेकणे या क्रियेचा अवधी वऱ्हाडात पाच मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत असू शकतो. टेकणाऱ्यांचे वर्गीकरणही करता येते. भाटवा, म्हणजे बहिणीचा नवरा, टेकतो तो पाठीला लोड लावून, कारण त्याचा मान आहे. मामेसासरे टेकतात ते वर्तमानपत्र घेऊन. आत्या टेकत नाही, ती सरळ स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून पाहते. साडू टेकल्यासारखे करतो आणि तुमच्या घराचा आजचा भाव काय असेल ते विचारतो. सर्वांत धोकादायक वर्ग म्हणजे ज्याचे नाते सांगायला तीन वाक्ये लागतात तो. जवळचा माणूस निदान भांडून तरी जातो, हा मात्र तृप्त होऊन जातो आणि पुढच्या खेपेला स्वतःचे नातेवाईक आणतो.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेता निष्कर्ष अटळ होतो. समुद्र आहे पण नातेवाईक बरोबर आहेत, जसे की टेम्पो ट्रॅव्हलर करून सासर-माहेरसह केलेली अलिबागची सहल, तेथे विश्रांती नाही. समुद्र नाही आणि नातेवाईकही नाहीत, जसे की दोघे चुकीच्या गाडीत बसून जलंब जंक्शनवर तीन तास अडकले, तेथे बाकावर दोघांना गाढ झोप लागल्याची उदाहरणे आहेत. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही बाजूंनी पाहता विश्रांतीचे कारण नातेवाईकांचा अभाव हेच ठरते. चौथीच्या भूगोलातली व्याख्या म्हणून दुरुस्त करावी लागेल: चहूकडून नातेवाईक नसलेला भूभाग म्हणजे बेट. पाणी हा केवळ कुंपणाचा प्रकार. आनंद सागरातले बेट या व्याख्येत का बसत नाही, हे आता सांगायला नको. तेथे ध्यानाला डोळे मिटल्यावर आधी शेजारून खोकला ऐकू येई आणि तो अकोटच्या काकांचा निघे.

या सिद्धान्ताला सर्वांत भक्कम पुरावा इंग्रज सरकारनेच देऊन ठेवला आहे. १८५७ च्या उठावानंतर, १८५८ पासून, अंदमानात कैदी धाडायला सुरुवात झाली. काळे पाणी या शिक्षेतला कष्टाचा भाग भयंकर होताच, कोलू होता, बेड्या होत्या. पण त्या नावाने गावोगाव जो थरकाप होई त्याचे एक कारण वेगळे होते: मधल्या समुद्रामुळे आपले कोणी भेटायला सहसा येऊ शकत नसे. सेल्युलर जेल १९०६ मध्ये बांधून पुरे झाले तेव्हा तर कोठड्यांची रचनाच अशी केली, की एका माणसाला दुसऱ्याचे तोंड दिसू नये. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ पासून दहा वर्षे तेथे होते. आज त्याच समुद्रापलीकडे त्याच एकांतासाठी शेगावचे जोडपे हप्त्यावर पैसे भरते. दोन एकांतांची तुलना करण्याचा आचरटपणा हा लेखक करणार नाही. तरी एक नोंद आवश्यक: मराठी जोडपे अंदमानात उतरले की पहिल्या दिवशी किनाऱ्यावर जात नाही, जेलमध्ये जाते. संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम पाहून दोघेही डोळे पुसत बाहेर पडतात, आणि मधुचंद्राची पहिली रात्र राष्ट्राविषयीच्या गंभीर चर्चेत जाते. हे चांगलेच आहे, पण याला विश्रांती म्हणत नाहीत.

पडण्याची पाळी येते ती दुसऱ्या दिवशी, बोटीने स्वराज द्वीपावर पोहोचल्यावर. (२०१८ पर्यंत याचे नाव हॅवलॉक होते, ज्या सेनापतीच्या नावाने ते होते तो १८५७ चा उठाव मोडण्यासाठी लढला होता, तेव्हा नाव बदलले ते ठीकच झाले.) राधानगरचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, वाळू बारीक आणि पांढरी. येथे शेगावच्या शरीराला पहिला धक्का बसतो तो घड्याळाचा. हे बेट शेगावच्या पूर्वेस सुमारे सोळा रेखांश आहे. एका रेखांशाला चार मिनिटे धरली तर सूर्य तासाभराहून जास्त पुढे. हिवाळ्यात अक्षांशातल्या फरकामुळे संध्याकाळी त्यातली थोडी मिनिटे परत मिळतात, तरीही डिसेंबरात पाच वाजण्याच्या सुमारास सूर्य पाण्यात जातो. शेगावात ही चहाची वेळ. पुढे काय करावे ते दोघांना उमगत नाही. अंधार पडला म्हणून जेवावे तर भूक नाही, चहा घ्यावा तर झोपेचे खोबरे. सात वाजता मध्यरात्र झाल्यासारखे वाटते आणि पहाटे सहाच्या आत खिडकीत ऊन.

“अहो, उठा. उशीर झाला.”

“कायले?”

या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसते. लग्नानंतर प्रथमच नसते. विश्रांतीची सुरुवात शास्त्रीयदृष्ट्या या क्षणापासून मोजावी.

सामानाविषयी फार लिहीत नाही. रेल्वे स्टेशनावर नावारूपाला आलेली शेगावची कचोरी, दोन दिवसांत संपवायची म्हणून घेतलेली आणि चौथ्या दिवसापर्यंत पुरवलेली. वेगळ्या पुडीत तळलेली मिरची. ठेचा, कारण बेटावरच्या माशाला चव नसेल अशी खात्री. आणि दोघेही मासे खात नाहीत ही त्याहून मोठी खात्री. महाराजांची छोटी पोथी प्लास्टिकच्या पिशवीत. पोहण्याचे कपडे तेवढे नाहीत. तो बर्म्युड्यावर आणि ती पंजाबी ड्रेसवर पाण्यात जाणार, हे निघण्यापूर्वीच न बोलता ठरलेले असते.

आणि येथेच, पाण्यापासून वीस पावलांवर, आमचा सिद्धान्त अडखळतो. अडचण चपलांची आहे.

शेगावचा माणूस चपलांच्या बाबतीत लाडावलेला असतो. मंदिरात पांढऱ्या पोशाखातला सेवेकरी माउली म्हणत चपला हातात घेतो, ठेवतो, परत देतो आणि पैसे घेत नाही. ज्याने लहानपणापासून चपलेची काळजी संस्थानवर सोपवली त्याच्याकडे उघड्या वाळूत चपला सांभाळण्याचे कौशल्य नसते. किनाऱ्यावर पादत्राण-कक्ष नाही, टोकन नाही. चपलांबरोबर मोबाइल आहेत, पाकीट आहे, हॉटेलच्या खोलीची किल्ली आहे आणि बायकोने पाण्यात जाण्यापूर्वी काढून रुमालात बांधलेले मंगळसूत्र आहे. म्हणून एक जण पाण्यात जातो, दुसरा राखण करतो. मग अदलाबदल. अशा रीतीने दोन हजार किलोमीटर ओलांडून आलेले जोडपे समुद्रात कधीच एकत्र उतरत नाही. त्याने लाटेत उभे राहून हात हलवायचा, तिने चपलांजवळून फोटो काढायचा, नंतर उलट. घरी आल्यावर अल्बम पाहणाऱ्यास वाटावे, की दोघे वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या माणसांबरोबर गेले होते.

यावर जे उपाय सुचतात ते तपासून पाहिले आहेत. चपला वाळूत पुरणे: भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा, त्यामुळे कालचा हिशेब आज चालत नाही, शिवाय पुरलेली जागा दोघांनाही आठवते पण वेगवेगळी. चपला घालूनच पाण्यात जाणे: पहिल्या लाटेला एक चप्पल समुद्राची होते, आणि समुद्र ती परत देतो तेव्हा ती चप्पल वेगळ्या मापाची असते. अनवाणी येणे: हॉटेलपासून वाट प्रवाळाच्या तुकड्यांची. सामान हॉटेलातच ठेवणे: हा उपाय त्याने सुचवला तेव्हा तिने फक्त पाहिले, आणि तो मागे घेतला गेला.

परिणामी एक विलक्षण विरोधापत्ती उभी राहते. विश्रांतीसाठी नातेवाईकांचा अभाव हवा, हे वर सिद्ध केले. परंतु दोघांनी मिळून पाण्यात उतरण्यासाठी काठावर किमान एक विश्वासू माणूस हवा, आणि विश्वासू म्हणजे नातेवाईक. भाटवा असता तर चपलांजवळ मानाने बसला असता. आत्या असती तर तिने बसल्या बसल्या पिशवीही आवरली असती. अलिबागच्या त्या टेम्पोतल्या सहलीत विश्रांती नव्हती हे खरे, पण दोघे एकत्र भिजले होते हेही खरे. अभाव आणि सद्भाव दोन्ही एकाच वेळी, एकाच ठिकाणी पाहिजेत. असा पदार्थ वैशेषिकांच्या सात पदार्थांत कोठे नाही.

असा पदार्थ राधानगरला मात्र असतो. तो टोपी घालून, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, एकटाच लाटांकडे संशयाने पाहत उभा असतो. त्याची मंडळी पलीकडे शहाळे पीत असतात. तो मराठी बोलणे दुरून ओळखतो.

“काऊन हो, तुम्ही वऱ्हाडातले तं नाही?”

“शेगावचे.”

“अरे बाप्पा! आम्ही तेल्हाऱ्याचे. दरसाल येतो न महाराजांच्या दर्शनाले. शेगावात कुठं ऱ्हायता?”

पत्ता सांगितला जातो. सांगताना तो क्षणभर थांबतो, कारण पत्ता सांगणे म्हणजे काय हे त्याला माहीत आहे. पण दोन हजार किलोमीटरवर सावधगिरीची सवय सुटलेली असते. एवढ्यात बायका बायकांशी बोलू लागतात आणि दोन-चार वाक्यांत असे निघते, की तेल्हाऱ्याच्या बाईंची पुतणी ही शेगावच्या बाईंच्या चुलत जावेच्या भावाला दिलेली आहे. नाते सांगायला तीन वाक्ये लागली.

“मंग जा न दोघंही पान्यात. चपला-गिपला राहू द्या इथं. मी हावो न.”

ते जातात. प्रथमच दोघे, हात धरून, आधी घोटाभर, मग गुडघाभर, मग कमरेइतक्या पाण्यात. एक लाट येते, ती किंचाळते, तो तिला सावरतो आणि स्वतः पडतो. विश्रांतीचा आमचा सिद्धान्त येथे पूर्णत्वास जातो, असे लिहिण्याची फार इच्छा होती. पण काठावरून आवाज आला.

“भाऊसाहेब! माघात प्रकटदिनाले आम्ही सात-आठ जन येऊन राहिलो! भक्तनिवासात जागा नाही भेटली तं तुमच्याकडंच टेकतो, चालते न?”

कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या आणि चपला, मोबाइल, पाकीट, किल्ली व मंगळसूत्र समोरच्या माणसाच्या ताब्यात असलेल्या जोडप्याला नाही म्हणता येत नाही. दोघांनी एकदमच हात वर करून होकार दिला.